फिनो टेस्ट: नीट कशी फुंकायची आणि आलेला आकडा कसा वाचायचा

उद्या सकाळी फिनो टेस्ट, म्हणजे श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजून दम्याची सूज बघायची टेस्ट, असेल तर आज रात्रीच्या जेवणात पालक, माठ, मुळा, बीट ठेवू नका. या भाज्यांत नायट्रेट भरपूर असतं. ते रक्तातून लाळेत उतरतं, तोंडातले जंतू त्याचं नायट्राइट करतात आणि त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. टेस्टमध्ये मोजायचा वायू नेमका हाच. मग छातीत काही वाढलेलं नसतानाही यंत्रावर आकडा फुगून येतो आणि घरचे घाबरतात. एका ताईंची जीभ लालभडक दिसली म्हणून मी विचारलं, तर त्या सकाळीच बिटाचा रस पिऊन निघाल्या होत्या. त्यांची टेस्ट मी दुसऱ्या दिवशी घेतली.

मी सांगलीत एका छातीच्या डॉक्टरांकडे फुंकायच्या टेस्ट घेते. चिठ्ठीवर 'स्पायरो आणि फिनो' असं लिहून पेशंट माझ्या खोलीत येतो. स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून करायची टेस्ट, आता बऱ्याच जणांच्या ओळखीची झालीय. फिनो म्हणजे काय, ते मात्र रोज नव्यानं सांगावं लागतं, आणि मला ते सांगायला आवडतं. कारण ही टेस्ट माणसानं समजून घेऊन केली तर तिचा उपयोग होतो. नाहीतर हातात एक कागद आणि डोक्यात एक काळजी, एवढंच घरी जातं.

आपल्या प्रत्येकाच्या श्वासात थोडासा नायट्रिक ऑक्साइड असतोच. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी १९९१ साली तो माणसाच्या उच्छ्वासात पहिल्यांदा मोजला. दम्याच्या पेशंटमध्ये तो जास्त असतो, हे १९९३ मध्ये तिथूनच पुढे आलं. दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज येते. या सुजेचा एक प्रकार ॲलर्जीच्या अंगाचा असतो, त्यात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जमतात. अशी सूज असली की श्वासनळीच्या अस्तरातल्या पेशींना हा वायू जास्त बनवण्याचा हुकूम मिळतो. श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड, म्हणजे आपला रोजचा पंप, हा हुकूमच बंद पाडतं आणि काही दिवसांत आकडा उतरायला लागतो. दात काढताना गुंगीसाठी देतात तो वायू वेगळा, त्याच्याशी याचा संबंध नाही.

म्हणजे फिनो ही सूज दाखवते, तीही एकाच प्रकारची. श्वासनळी किती आवळली आहे ते स्पायरोमेट्री दाखवते. म्हणून डॉक्टर दोन्ही एकदम सांगतात. दमा किती गंभीर आहे हे मात्र फिनोच्या आकड्यावरून ठरत नाही. मला रोज सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न तोच असतो, म्हणून इथे आधीच सांगून टाकलं.

येण्याआधी

टेस्टच्या आधी तासभर काही खाऊ-पिऊ नका. चहासुद्धा नको, पाणीही शक्यतो नको. तासभर आधीपासून बिडी-सिगारेट बंद. जिना धावत चढून आलात तर मी तुम्हाला बसवून ठेवीन, कारण व्यायामानंही आकडा हलतो. स्टँडवरून चालत येणाऱ्यांनी थोडं लवकर यावं आणि बाकावर शांत बसावं.

सर्दी-पडसं, ताप, घसा धरलेला असेल तर फोन करून विचारा. व्हायरसच्या सर्दीत हा वायू वाढतो, त्यामुळे तातडी नसेल तर बरं वाटल्यावर टेस्ट करणं चांगलं. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लागणारी, नाक चोंदणारी ॲलर्जी असेल तर तीही सांगा. दमा नसताना नुसत्या नाकाच्या ॲलर्जीनंही आकडा वर जातो.

पंपाचं काय करायचं, हा घोळ नेहमीचा. स्पायरोमेट्रीसाठी डॉक्टर कधी कधी काही तास दम मोकळा करणारा पंप घेऊ नका म्हणतात. तेवढंच पाळा. रोजचा स्टेरॉइडचा पंप 'टेस्टमध्ये खरं काय ते कळू दे' म्हणून स्वतःच्या मनानं आठवडाभर बंद ठेवून येऊ नका. तुम्ही औषधावर असताना सूज किती उरली आहे, हेच बहुतेक वेळा डॉक्टरांना बघायचं असतं. आणि खुर्चीत बसायच्या आधी मला शेवटचा पफ कधी घेतलात ते सांगा. मी ते रिपोर्टवर लिहिते.

दोन्ही टेस्ट एकाच दिवशी असतील तर फिनो आधी. स्पायरोमेट्रीत जोर लावून पुन्हा पुन्हा फुंकल्यावर आकडा काही वेळ खाली येऊ शकतो. एखाद्या ठिकाणी उलटा क्रम लावला तर तिथल्या माणसाला नम्रपणे आठवण करून द्या, यात गैर काही नाही.

फुंकताना

इथे खरी कसरत आहे. आधी स्पायरोमेट्री केलेला माणूस जीव खाऊन फुंकतो, कारण तिथे त्याला 'जोरात, अजून जोरात' असंच ओरडून सांगितलेलं असतं. फिनोला जोर चालत नाही. बशीतला चहा सांडू न देता निववायला जशी सावकाश फुंकर घालतो, तशी ती हवा सोडायची.

आमचं यंत्र हातात मावणारं आहे. त्याला प्रत्येक पेशंटसाठी नवा तोंडाचा तुकडा लावतात, त्यात फिल्टर असतो. ताठ बसा. आधी फुप्फुसं पूर्ण रिकामी करा, यंत्राच्या बाहेर. मग तुकडा ओठांत घट्ट धरून, यंत्रातूनच तोंडानं पोटभर श्वास आत घ्या. ही हवा गाळून येते, म्हणजे खोलीतला किंवा रस्त्यावरच्या गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड हिशेबात धरला जात नाही. श्वास नाकानं घ्यायचा नाही. नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांमध्ये हा वायू छातीपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, त्यातला थोडा मिसळला तरी सगळं मोजमाप वाया जातं.

छाती भरली की न थांबता हळू सोडायला लागा. पडद्यावर एक चित्र दिसतं, वर-खाली होणारं. ते दोन रेषांच्या मध्ये ठेवायचं. वेग सेकंदाला ५० मिलिलिटर असावा लागतो, हा आकडा जगभर ठरलेला आहे. मोठ्यांनी किमान सहा सेकंद, बारा वर्षांखालच्या मुलांनी किमान चार सेकंद. सहा सेकंदांत जेमतेम ३०० मिलिलिटर हवा बाहेर पडते, म्हणून 'माझा दम पुरणार नाही' ही भीती बाळगू नका. सत्तरीतले आजोबाही करतात. तुकड्यात मुद्दाम अडथळा ठेवलेला असतो, त्यामुळे थोडं दाबून सोडल्यासारखं वाटतं. त्या दाबानं घशामागचा मऊ पडदा वर उचलला जातो आणि नाकाकडची वाट बंद होते. याच कारणानं फिनोला नाकाला चिमटा लावत नाहीत. स्पायरोमेट्रीत चिमटा असतो, इथे नाही, हे लक्षात ठेवलंत तर टेस्ट घेणाऱ्याचा सरावही तुम्हाला पारखता येईल.

हळूच का सोडायची? हा वायू श्वासनळ्यांच्या भिंतींतून झिरपतो. हवा सावकाश गेली तर जाता जाता जास्त वायू गोळा करते, भर्रकन गेली तर कमी. तीच छाती, तोच माणूस, पण वेग बदलला की आकडा बदलतो. म्हणून यंत्र वेग चुकला की आवाज करतं आणि ती फुंक धरत नाही. दोन-तीन वेळा असं झालं तरी खट्टू होऊ नका. मध्ये अर्धा मिनिट साधा श्वास घ्या आणि परत करा. लहान मुलांना मी आधी कोऱ्या तुकड्यानं, यंत्राशिवाय, माझ्या हातावर फुंकायला लावते. हाताला हवा लागली पाहिजे पण केस उडायला नकोत, एवढं सांगितलं की पाच-सहा वर्षांची पोरंही शिकतात.

आकडा हातात आल्यावर

रिपोर्टवर आकड्यापुढे पीपीबी लिहिलेलं असतं, म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत या वायूचे किती भाग. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनं २०११ मध्ये घालून दिलेल्या मर्यादा आजही बहुतेक ठिकाणी वापरतात. मोठ्यांमध्ये २५ च्या खाली कमी, ५० च्या वर जास्त. बारा वर्षांखालच्या मुलांमध्ये २० च्या खाली कमी, ३५ च्या वर जास्त. मधला पट्टा हा खरोखर मधलाच. तिथे पेशंटची कहाणी ऐकल्याशिवाय कोणी काही ठरवू नये. ब्रिटनच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दम्याच्या लक्षणांसोबत मोठ्यांमध्ये ५० किंवा त्याहून जास्त आकडा आला तर निदानाला तो पुरेसा धरला आहे. उलट बाजू मात्र तशी नाही. कमी आकडा आला म्हणून दमा नाही, असं म्हणता येत नाही.

ही उलट बाजू लोकांच्या सहज लक्षात येत नाही. सांगलीत हळदीच्या गोदामात काम करणारे एक काका आले होते. खोकला, धाप, रात्री झोप नाही, आणि फिनो १४. त्यांच्या मुलानं आकडा बघून म्हटलं, "म्हणजे बाबांना काही झालंच नाही." मी काकांना विचारलं, बिडी किती? वर्षानुवर्षं, दिवसाला बंडल. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आकडा मुळातच दबलेला असतो. शिवाय धूळ-धुरानं होणारी सूज, बिडीमुळे फुप्फुसं खराब होणं, छातीत जळजळ होऊन पित्त वर येणं, अशा कितीतरी कारणांनी दम लागतो आणि त्यात हा वायू वाढतच नाही. काकांची स्पायरोमेट्री चांगलीच बिघडलेली होती. डॉक्टरांनी त्यांच्या कमी आकड्यातून इतकाच अर्थ काढला, की नुसतं स्टेरॉइड वाढवत बसून फायदा होण्याची शक्यता कमी आहे आणि त्रासाचं मूळ दुसरीकडे शोधलं पाहिजे. काकांना सुरुवात बिडी सोडण्यापासून करावी लागली.

आकडा कमी, त्रासही नाही, रोज पंप चालू आहे: म्हणजे पंप काम करतोय. इथेच बरेच जण पंप कपाटात ठेवून देतात. कृपा करून असं करू नका. आकडा पंपामुळे खाली आहे. डोस कमी करायचा का, हे डॉक्टर तुमच्या गेल्या काही महिन्यांच्या त्रासावरून, झालेल्या झटक्यांवरून आणि स्पायरोमेट्रीवरून ठरवतील. त्या विचारात फिनोची मदत होते, पण एकट्या फिनोवर तो निर्णय उभा राहत नाही.

आकडा जास्त आणि त्रासही आहे, तर डोस वाढवण्याच्या आधी दोन गोष्टी बघायच्या: पंप घेतला जातोय का, आणि तो छातीत पोचतोय का.

नऊ वर्षांची एक मुलगी होती, आकडा ५८. आई सांगत होती, दोन्ही वेळ न चुकता पंप देते. मी पंप दाखवा म्हटलं. आईनं पर्समधून काढला, कानाशी हलवला आणि म्हणाली, "हे बघा ना, अजून आहे." दाबलं तर फवाराही आला. मी डबीवर किती पफ लिहिलेत ते बघितलं: १२०. सकाळी दोन, रात्री दोन, म्हणजे दिवसाला चार. पंप तिसाव्या दिवशी संपायला हवा. तो दुसऱ्या महिन्यातही चालू होता. पंपातलं औषध संपलं तरी ढकलणारा वायू उरतो, त्यामुळे आवाज येतो, फवारा येतो, फक्त औषध येत नाही. ज्या पंपाला मोजणी दाखवणारा आकडा नसतो, त्यात हे हमखास होतं. ती माउली मनापासून देत होती आणि पोरीला निव्वळ हवा मिळत होती. नवा पंप, तोच डोस, आणि सव्वा महिन्यानं आकडा २४.

म्हणून नवा पंप फोडलात की त्याच्यावर मार्करनं तारीख लिहा आणि संपायची तारीखही काढून लिहा. हलवून अंदाज घेऊ नका. पंप स्पेसरमधून, म्हणजे पंपाला लावायच्या प्लास्टिकच्या नळीतून घ्या, म्हणजे औषध घशावर न आदळता आत जातं. दाबून झाल्यावर सावकाश ओढा आणि दहा सेकंद श्वास धरा. रोटाकॅप्सूल, म्हणजे ओढायच्या पावडरची कॅप्सूल, वापरत असाल तर उलटं, तिथे जोरात आणि खोल ओढायचं असतं, आणि ओढून झाल्यावर कॅप्सूल उघडून बघा. आत पावडर चिकटलेली दिसली तर परत ओढा. घेतल्यावर चूळ भरून टाका.

हे सगळं चोख असेल आणि तरीही आकडा खाली येत नसेल, तर घरात ॲलर्जीचं कारण शोधा: ओल धरलेली भिंत, जुनी गादी, झुरळं, पावसाळ्यानंतर अंगणाबाहेर फुललेलं गाजर गवत. त्यानंतर डोसचा विषय येतो. काही जणांना डोस वाढवूनही आराम पडत नाही आणि इंजेक्शनची औषधं द्यावी लागतात, तेव्हा कोणतं इंजेक्शन लागू पडेल हे ठरवतानाही फिनो बघतात. जास्त आकड्याच्या पेशंटला डुपिलुमॅब या इंजेक्शनचा गुण येण्याची शक्यता चांगली असते आणि आकडाही उतरतो. मेपोलिझुमॅब या दुसऱ्या इंजेक्शननं पेशंट सुधारला तरी आकडा फारसा हलत नाही, तेव्हा तिथे आकड्यावरून औषध फुकट गेलं असं समजू नका.

आणखी एक, जे आकडेमोडीचं आहे पण सोपं आहे. दोन रिपोर्ट शेजारी ठेवून एक-दोन अंकांच्या फरकावर हरखू नका आणि खचूही नका. पहिला आकडा ५० च्या वर असेल तर त्याच्या २० टक्के तरी उतरला पाहिजे. त्या मुलीचा ५८ होता, म्हणजे साधारण १२ नी उतरून ४६ पर्यंत आला असता तरी फरक खरा धरला असता. पहिला आकडा ५० च्या खाली असेल तर १० पेक्षा जास्त उतरायला हवा. ३४ वरून २७ आला, तर तो जवळपास तिथेच आहे असं समजा. तुलना शक्यतो त्याच यंत्रावरची करा, कारण वेगवेगळ्या बनावटीच्या यंत्रांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. आणि तुमची तुलना तुमच्याशीच करा. उंची, वय, बाई-पुरुष यानं मुळातला आकडा बदलतो. शेजारच्या काकूंचा १८ आला आणि तुमचा ३० आला, यावरून काही कळत नाही.

ही टेस्ट प्रत्येकाला हवीच का? नाही. दमा आटोक्यात आहे, रात्री झोप लागते, महिनोन्महिने झटका नाही, तर फिनोशिवाय अडत नाही. तालुक्याच्या गावात ही सोय नसेल तर मन खट्टू करू नका. नीट ऐकून घेणारा डॉक्टर, स्पायरोमेट्री किंवा घरचा पीक-फ्लो मीटर (फुंकेचा जोर मोजणारं छोटं यंत्र) यावर दमा उत्तम सांभाळता येतो. २०१६ मध्ये कॉक्रेन या, जगभरची संशोधनं एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यांत दिसलं, की फिनो बघून उपचार ठरवल्यानं दम्याचे झटके कमी होतात, पण रोजच्या त्रासात त्यानं विशेष फरक पडत नाही. म्हणून ज्याला वरचेवर झटके येतात, ज्याला निदानच पक्कं होत नाहीये, किंवा ज्याचा पंप वाढतच चाललाय, त्यानं या टेस्टवर पैसे खर्च करावेत, असं मला वाटतं.

आणि दम लागून वाक्य एका श्वासात पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, पफ घेऊनही अर्ध्या तासात उतार नसेल, तर ती वेळ टेस्टची नाही. पफ घेत घेत थेट दवाखाना गाठा.

रिपोर्ट मिळाल्यावर त्याच्या मागच्या बाजूला पेननं चार ओळी लिहून ठेवा: त्या दिवशी सर्दी होती का, शेवटचा पंप कधी घेतला, कोणता पंप आणि किती पफ चालू आहेत, गेल्या महिन्यात किती रात्री खोकल्यानं जाग आली. पुढच्या वेळी डॉक्टर आकड्याबरोबर हेच विचारणार आहेत, आणि लाइट गेल्यावर संगणकातला जुना रिपोर्ट उघडेपर्यंत तुमच्या फाइलमधला कागद आधी हाताला येतो. येताना पंप आणि स्पेसर दोन्ही पिशवीत टाका, मी समोर घेऊन दाखवायला सांगणार आहे.